दादाची चाकाची खुर्ची : सात महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीनंतर आम्ही दादासाठी मागे कलणाऱ्या पाठीची, डोक्याला आणि दोन्ही कुशींना आधार असलेली, दुकानदार जिला ‘सीपी चेअर’ म्हणतात ती व्हीलचेअर घेतली. किंमत 21,500 रुपये पडली. घेण्याआधी तिच्याविषयी वाचायला मिळेल ते शोधले, पण मराठीत उपयोगाचे काही हाती लागले नाही आणि इंग्रजीत जे होते ते बहुतेक विकणाऱ्यांनीच लिहिलेले होते. आता हिवाळा, उन्हाळा आणि पावसाचा पहिला महिना या खुर्चीने आमच्याकडे काढला आहे, तेव्हा तिचे गुणदोष सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे असे वाटते. दुकानाचे व कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण असाच सांगाडा मी तीन दुकानांत तीन निरनिराळ्या नावांच्या पट्ट्या चिकटवलेला पाहिला, आणि इथे सांगते आहे ते सगळे त्या सांगाड्याविषयी आहे.

दादा 19 वर्षांचा आहे. जन्मापासून त्याला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. हातपाय ताठर असतात, मानेवर पुरेसा ताबा नाही, आणि तो बोलत नाही, पण ‘हो’ म्हणायचे असेल तेव्हा डोळे वर नेतो आणि ‘नाही’ म्हणायचे असेल तेव्हा ते घट्ट मिटतो. त्याला सगळे समजते. त्याचे वजन 41 किलो आहे. मी 17 वर्षांची असून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे आणि माझे वजन 46 किलो आहे. बाबा बेळगावातल्या वडगावात भाड्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवतात, आई सकाळी आठला शिवणकामाला बाहेर पडते, आणि आज्जीचे गुडघे आता जमिनीवरून धड उठू देत नाहीत. त्यामुळे सकाळी कॉलेजच्या आधी आणि दुपारी परत आल्यापासून रात्रीपर्यंत दादाचे उठणे, बसणे, खाणे आणि फिरणे माझ्याकडे असते. परीक्षणात घरच्यांची वजने कशाला, असे कोणाला वाटेल. पण ही खुर्ची रिकामी असताना 24 किलो भरते, म्हणजे दादासकट 65 किलो, आणि ती उंबऱ्यावरून चढवणारी व्यक्ती 46 किलोची आहे. खुर्ची विकत घेताना मला हेच गणित कोणी सांगितले नाही, आणि मलाही ते सुचले नाही.

दुकानात गेलो तेव्हा माहिती मी विचारत होते आणि उत्तरे बाबांना मिळत होती. ‘‘बाळ, तू बस, आम्ही बोलतो,’’ असे मला दोनदा सांगण्यात आले. शेवटी बाबाच म्हणाले, ‘‘हिलाच सांगा की सगळं. त्याचं सगळं हीच करत्ये.’’ त्यानंतर विक्रेत्याने मला खुर्ची उघडून दाखवली, पण दादाची मापे मात्र घेतली नाहीत; दादा रिक्षात बसून होता, त्याला आत आणण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. दुकानात ठेवलेली खुर्ची 18 इंच रुंद बैठकीची होती, आणि ‘‘थोडी सैल असली की बरी, पोरगा वाढतोय,’’ असे समर्थनही मिळाले. चपलेच्या बाबतीत हा विचार चालतो. व्हीलचेअरच्या बाबतीत तो चालत नाही, हे आम्हाला आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. बसलेल्या माणसाच्या कमरेखालची रुंदी मोजून दोन्ही बाजूंना सुमारे एक इंच सोडायचा, तेवढीच बैठक हवी. आणि खोली मोजताना पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंतचे अंतर घेऊन त्यातून सुमारे दोन इंच वजा करायचे. बैठक रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलतो आणि पाठीचा कणा वाकडा होण्याला हातभार लागतो. खोल असेल तर बैठकीची कड गुडघ्यामागे टोचू लागते आणि ती टाळण्यासाठी माणूस आपोआप पुढे घसरतो. दादाची रुंदी साडेबारा इंच आहे. आम्ही अडून बसलो तेव्हा 16 इंची खुर्ची मागवून देण्याचे कबूल झाले, तिला तीन आठवडे लागले, आणि उरलेली जागा आम्ही दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या भरून कमी केली. एवढे करूनही खोली 17 इंचच राहिली, कारण या सांगाड्यात खोली बदलण्याची सोयच नाही. दादाला 15 हवी होती. मग पाठीमागे दोन इंचांची उशी शिवून लावली.

आता तिच्या मुख्य गुणाविषयी, ज्यासाठी एवढे पैसे मोजले. जाहिरातीत आणि दुकानात ‘मागे झुकणारी खुर्ची’ असे सांगितले जाते, पण मागे झुकण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि ग्राहकाने ते वेगळे ओळखले पाहिजेत. एका प्रकारात फक्त पाठ मागे पडते आणि बैठक जागच्या जागी राहते, म्हणजे कंबरेतला कोन उघडत जातो. दुसऱ्या प्रकारात पाठ आणि बैठक एकमेकांशी असलेला कोन तसाच ठेवून एकत्र मागे झुकतात, पाळणा कलावा तशा. ज्याला फक्त पडून विश्रांती घ्यायची आहे त्याला पहिला प्रकार पुरतो. पण ज्याचे शरीर कंबर उघडली की ताठ होते, त्याच्यासाठी तो उलट काम करतो. दादाची पाठ मागे नेली की त्याचे पाय पुढे सरळ फेकले जातात, ढुंगण बैठकीवर पुढे सरकते, आणि पाठ पुन्हा उभी केली की तो चार-पाच इंच खाली घसरलेला असतो. मग त्याला काखेतून धरून वर ओढावे लागते. त्या ओढण्यात माकडहाडाजवळची कातडी घासली जाते. आमची खुर्ची पहिल्या प्रकारची आहे. विक्रेत्याने दोन्हींना मिळून एकच इंग्रजी शब्द वापरला आणि आम्ही तो ऐकून घेतला, त्यामुळे त्या चुकीत निम्मी आमचीही आहे. दुसऱ्या प्रकारच्या खुर्च्या बऱ्याच महाग असतात, आणि आमच्या ऐपतीत त्या बसल्या असत्या असे मी म्हणणार नाही. पण काय मिळते आहे आणि काय मिळत नाही हे माहीत असते, तर डोक्यामागच्या आधाराचे आणि पट्ट्याचे निर्णय आम्ही वेगळे घेतले असते.

या घसरण्यावर जे उपाय लागू पडले ते सांगून ठेवते. कमरेचा पट्टा पोटावर आडवा न बांधता मांडी आणि कंबर जिथे मिळतात तिथून तिरपा, मागे आणि खाली जाईल असा बांधला पाहिजे. कंपनीने तो दोन छिद्रे वर लावला होता, तो आम्ही स्क्रू काढून खाली आणला. मांड्यांच्या मधला ठोकळा हा दादाला अडवून धरण्यासाठी नसतो, मांड्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून असतो, हे आज्जीला पटवायला मला आठवडा लागला. तिला तो बघवतच नव्हता. आणि बैठक ही कापडाची झोळी असल्याने ती मधोमध खाली जाते, मांड्या आत वळतात. त्यावर गल्लीतल्या सुतारमामांनी अर्ध्या इंचाच्या प्लायवूडची फळी बैठकीच्या मापाने कापून गादीखाली घातली. फळीचे आणि मजुरीचे मिळून 350 रुपये झाले. माझ्या मते या खुर्चीवर केलेला सगळ्यांत उपयोगी खर्च तो आहे, आणि तो कंपनीने करायला हवा होता.

गादी रेक्झिनची आहे. थंडीत तक्रार नव्हती, पण एप्रिलमध्ये दादाच्या पाठीवर घामोळे उठले आणि माकडहाडाशी एक लाल डाग दिसला. असा डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल होत असेल तर ठीक. तो दाबूनही तसाच राहत असेल, किंवा खुर्चीतून उठवल्यावर अर्ध्या तासातही जात नसेल, तर त्या जागेवर भार देणे लगेच थांबवायचे असते. आमचा डाग वेळेवर दिसला. तेव्हापासून रेक्झिनवर घालायला आजोबांनी जुन्या सुती लुगड्याच्या चौपदरी खोळी शिवून घेतल्या, आणि अर्ध्या-पाऊण तासाने मी दादाला पुढे वाकवून, थोडा डावीउजवीकडे झुकवून भार बदलते.

इथे आजोबांचा विषय निघालाच आहे, तर घराविषयी सांगितले पाहिजे, कारण कोणतीही खुर्ची दुकानाच्या फरशीवर उत्तमच चालते. आमचे घर बेळगावच्या शहापुरात, विणकरांच्या जुन्या गल्लीत आहे. संस्थानी काळात शहापूर हे सांगलीकर पटवर्धनांचे होते आणि बेळगाव इंग्रजांचे. शहापुरी लुगड्यांना त्या काळापासून नाव आहे. आता बहुतेक माग यंत्रावरचे झाले, त्यांची खडखड वडगाव-खासबागेत दिवसभर ऐकू येते, पण आमच्या सोप्यात, म्हणजे दाराशीच्या पुढच्या खोलीत, आजोबांचा हातमाग अजून आहे, आणि तो खड्ड्यातला माग आहे. म्हणजे विणकर जमिनीच्या कडेवर बसतो आणि पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवतो. जमिनीलगतची ओल धाग्याला मानवते, तो तुटत नाही, असे आजोबा सांगतात. माग त्यांच्या आजोबांनी बसवलेला आहे. आता ते दिवसाला तास-दोन तासच बसतात, तेही डोळ्यांना दिसते तोवर. सांगायचा मुद्दा असा, की आमच्या सोप्याच्या मधोमध अडीच फूट खोल खड्डा आहे, आणि खड्ड्याची कड व भिंत यांच्यामध्ये 31 इंचांची वाट आहे, आणि खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी 24 इंच आहे.

दारांचे गणित याहून अवघड निघाले. बाहेरचे दार 33 इंच, माजघराचे 27 आणि स्वयंपाकघराचे 23. अर्थात दादा आता खुर्चीवर बसून स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही. आई पोळ्या लाटत असताना तो पूर्वी चटईवर तिथेच पडून असायचा, ते बंद झाले. माजघराच्या दारातून खुर्ची जाते, पण ढकलणाऱ्याची बोटे मागच्या चाकाबाहेरच्या कड्यावर असतील तर चौकटीला घासतात. विकत घेण्याआधी घरातले प्रत्येक दार चौकटीच्या आतून मोजा आणि खुर्चीची बैठक नव्हे, तर बाहेरच्या कड्यापासून कड्यापर्यंतची रुंदी विचारा. माहितीपत्रकात ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

आणि उंबरे. बाहेरचा पाच इंच, माजघराचा चार. आज्जी रोज सकाळी उंबऱ्याला हळदीकुंकू लावून रांगोळीची दोन बोटे ओढते. उंबरा कापायचा विषय मी पहिल्यांदा काढला तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती उठून देवापाशी जाऊन बसली. मी सुतारमामांना आणले ते माझ्या बाजूने बोलतील म्हणून. त्यांनी चौकट वरखाली पाहिली, भिंतीवर टिचकी मारली आणि सांगितले की भिंत मातीची आहे, चौकटीचे दोन्ही खांब खालच्या या लाकडाने धरलेले आहेत, ते कापले तर पावसाळ्यात चौकट उघडेल आणि दार बसणार नाही. त्यामुळे आज्जी जिंकली. उताराचा विचार केला, तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. पाच इंचांच्या उंबऱ्याला आतून आणि बाहेरून पाच-पाच फूट लांब उतार लागतो. दारापासून खड्ड्याची कड बरोबर पाच फुटांवर आहे. नियमाने बांधलेला उतार दादाला थेट मागात उतरवणार होता. हे मी घरात सांगितले तेव्हा सगळ्यांत जास्त दादाच हसला.

त्यामुळे आम्ही बाहेरच्या बाजूला तीन फुटांची उचलता येणारी फळी केली आहे, जी नियमापेक्षा बरीच उभी आहे आणि बाबा घरी असतानाच वापरली जाते. मी एकटी असते तेव्हा खुर्ची उलटी फिरवून, मागची मोठी चाके उंबऱ्याला टेकवून, मागे-मागे ओढत आत घेते. मोठे चाक पाच इंच चढते, पुढचे लहान चाक कधीच चढत नाही. या पद्धतीत या खुर्चीचा एक दोष उघडा पडतो. ती मागे उलटू नये म्हणून मागच्या बाजूला खाली दोन छोटी चाके दिलेली आहेत. कलणाऱ्या पाठीच्या खुर्चीला ती अत्यावश्यक आहेत, कारण पाठ मागे पडली की सगळा भार मागे जातो. पण उंबऱ्यावरून नेताना तीच चाके आधी उंबऱ्याला अडतात आणि मोठी चाके टेकूच देत नाहीत. चांगल्या खुर्चीत ती पायाने दाबून वर वळवता येतात. आमच्यात ती खिळीने बसवलेली आहेत, म्हणजे प्रत्येक उंबऱ्याला वाकून दोन खिळी काढा, खुर्ची ओढून घ्या, पुन्हा वाकून खिळी घाला. एखाद्या दिवशी खिळी घालायचे राहून जाईल आणि नेमकी त्याच दिवशी पाठ मागे नेली जाईल, ही भीती मला कायम असते. म्हणून खुर्चीच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून चिकटवल्या आहेत: आधी ब्रेक, मग पट्टा, मग मागची चाके, मग पाठ. माहितीपत्रक इंग्रजीत आहे, पाठीमागची सूचना हिंदीत आहे, आणि आज्जीला मराठीच वाचता येते.

ब्रेकविषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्यात एक गोष्ट आम्ही जवळजवळ अपघात झाल्यावर शिकलो. दादाला मागाशेजारी बसायला आवडते. आजोबा विणत असतात तेव्हा खड्ड्यावरच्या फळ्या काढलेल्या असतात, आणि दादा कडेला बसून आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना पाहतो. धोट्यातली सुताची कांडी संपत आली की आजोबांच्या आधी त्याला कळते, कारण आवाज बदलतो, आणि तो डोळ्यांनी मला कांड्यांच्या टोपलीकडे दाखवतो. मी कांड्या भरून देते. मार्च महिन्यात माझ्या परीक्षेच्या दिवसांत चाकांतली हवा पाहायची राहून गेली होती. या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा लोखंडी तुकडा आहे, त्यामुळे टायरमधली हवा कमी झाली की ब्रेक लावलेला दिसतो, कट्ट असा आवाजही करतो, पण धरत नाही. दादाने अंग ताठ केले आणि खुर्ची खड्ड्याच्या दिशेने वीतभर सरकली. आजोबांनी बसल्या जागेवरून हात टाकून पायाची पट्टी धरली. कोणाला काही झाले नाही, पण दुसऱ्याच दिवशी खड्ड्याच्या कडेने दोन इंच उंच लाकडी पट्टी ठोकली गेली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांच्या मागाला खिळा मारायला आजोबांनी एकदाही का-कू केले नाही. ब्रेकला मी दोष देत नाही, अशा ब्रेकची ती जातच आहे. पण दर आठवड्याला हवा पाहा, हे दुकानात सांगितले गेले पाहिजे. ज्यांच्या घरात खड्डा, जिना किंवा उतार आहे त्यांनी भरीव टायर मागून घ्यावेत. ते जड असतात, खडबडीत रस्त्यावर हादरे जास्त देतात, पण ब्रेक दगा देत नाही.

घराबाहेर ही खुर्ची बरी वागते. मागची 24 इंची चाके सायकलसारखीच असल्याने त्यांचे पंक्चर, तारा आणि टायर नाथ पै चौकाकडच्या सायकल दुकानात होतात. तिथले काका कानडी बोलतात, मी मराठी बोलते, आणि दोघांचेही काम अडत नाही. कपिलेश्वर उड्डाणपूल मात्र मला एकटीला झेपत नाही; चढताना ढकलण्यापेक्षा उतरताना धरून ठेवणे कठीण जाते, कारण ढकलणाऱ्याच्या मुठीपाशी ब्रेक नाहीत. सायकलसारखा हातब्रेक मुठीवर बसवून मिळतो हे मला नंतर कळले. तुमच्या वाटेत चढउतार असेल तर तो आधीच मागावा. रिक्षात खुर्ची घडी करून मावत नाही, कारण घडी रुंदीत होते आणि पाठीची उंची तशीच राहते. डोक्याचा आधार काढून, पाठ पूर्ण आडवी करून मग ती मागच्या बाजूला दोरीने बांधावी लागते. आमचे नेहमीचे रिक्षावाले मामा ते करतात, नवखे थांबत नाहीत. बसचा तर प्रश्नच येत नाही. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात महिलांना साधी सरकारी बस मोफत आहे आणि दिव्यांगांना सवलतीचा पास मिळतो, म्हणजे कागदावर आम्हा दोघांचा प्रवास फारच स्वस्त आहे. फक्त बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याइतकी उंच आहे.

वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री आम्ही दादाला मिरवणुकीला नेले. लहानपणी बाबा त्याला खांद्यावर घेऊन जायचे, पण गेली सहा वर्षे तो गेलाच नव्हता. तिथे या खुर्चीच्या उंच पाठीचा आणि डोक्याच्या आधाराचा खरा फायदा दिसला: साडेतीन तास त्याची मान पडली नाही, ढोलताशाच्या आवाजाने अंग ताठ व्हायचे तेव्हा छातीचा पट्टा त्याला धरून होता, आणि आपण कोणाच्या तरी कडेवर नसून स्वतः बसून बघतो आहोत हे त्याला कळत होते. गर्दीत लोक वाट देत होते. काही जण त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जात होते, ते त्याला आवडत नाही, पण त्यावर कोणतीही खुर्ची काही करू शकत नाही.

विक्रीनंतरच्या सेवेबाबत मात्र चांगले लिहिण्यासारखे थोडेच आहे. मे महिन्याच्या शेवटी पुढच्या डाव्या लहान चाकाचा बेअरिंग गेला आणि खुर्ची डावीकडे ओढू लागली. एक वर्षाची हमी लिहून दिलेली आहे. फोन केल्यावर फोटो मागितला, तो पाठवला. मग चित्रफीत मागितली, तीही पाठवली. मग ‘माल आला की कळवतो’ असे उत्तर आले, त्याला आता पाच आठवडे झाले. मोठे चाक कोणत्याही सायकल दुकानात दुरुस्त होते, पण हे लहान चाक कंपनीशिवाय मिळत नाही, हे या प्रकारच्या सगळ्या खुर्च्यांचे दुखणे आहे. जून लागल्यावर बेळगावच्या पावसाने बाकीचे काम केले. सांगाड्यावरचा मुलामा शाबूत आहे, पण नटबोल्ट साधे लोखंडी असल्याने सगळे तांबूस झाले आहेत. बाबा मागाचे तेल आणून दर रविवारी घालतात.

किमतीविषयी एवढेच सांगते, की विकत घेण्याआधी सरकारी वाट पाहून घ्या. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असल्याचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) असेल, तर केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नानुसार मोफत किंवा निम्म्या किमतीत साधने मिळतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामया’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. ही कार्डे आमच्याकडे आहेत. त्यांसाठी लागलेल्या फेऱ्या, कानडीत भरायचे अर्ज आणि ते भरून देणारा माझा वर्गमित्र हा निराळा विषय होईल.

पाचपैकी मी या खुर्चीला तीन देईन. ज्याची मान पडते पण अंग फारसे ताठ होत नाही, ज्याचे घर एका पातळीवर आहे आणि ज्याला ढकलणारा मोठा माणूस आहे, त्याने ती जरूर घ्यावी; या किमतीत डोक्याचा आणि कुशीचा इतका चांगला आधार मला दुसरीकडे दिसला नाही. ज्याचे अंग दादासारखे ताठ होते त्याने थोडे थांबून, पैसे जमवून, पाठ आणि बैठक एकत्र झुकणारी खुर्ची शोधावी. आणि ढकलणारी माझ्याएवढी असेल, तर तिने दुकानात आपणच खुर्ची उचलून, उंबऱ्याएवढ्या एखाद्या पायरीवरून चढवून पाहिल्याशिवाय बाबांना पैसे देऊ देऊ नये.

खुर्चीबरोबर जेवणाचा ट्रेही आला होता. त्याची कड इतकी बुटकी आहे की दादाचा हात उडाला की ताट खाली जाते, आणि त्याला सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवायचे असल्याने ताट जवळ लागते, ते या ट्रेत दूर राहते. सुतारमामांनी आता फणसाच्या लाकडाचा, पोटाशी अर्धगोल कापलेला आणि दीड इंच कडेचा नवा करून दिला आहे. कंपनीचा ट्रे तसाच कोरा पडून आहे. शहापूर-वडगावात कोणाकडे 16 इंची अशी खुर्ची असेल आणि माणसाचे हात शांत असतील, तर त्यांनी तो न्यावा, आम्हाला त्याचे पैसे नकोत.